हेवी लायसन

८ जानेवारी

प्रिय भावजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. पत्राचं एक बरं असतं. वाचायचं नसलं तरी दारातून उचलून बाजूला ठेवावंच लागतं. तेवढा तरी हात लागेल.

ट्रक तुम्हां दोघा भावांच्या नावावर, त्याच्या विक्रीचे कागद मिळाले. तुमची सही झालेली आहे, माझी जागा रिकामी आहे. ती अजून रिकामीच ठेवली आहे. जुन्या गाड्यांचा तो व्यापारी मात्र येऊन जातो. ट्रकभोवती फिरतो, टायरला लाथ मारतो. मी विचारलं, "लाथ मारून काय कळतं हो?" तर म्हणाला, "कळत काही नाही, ताई. पण नाही मारली तर गिऱ्हाईक खरं वाटत नाही." माणूस वाईट नाही. पण त्याला गाडी द्यावीशी मला वाटत नाही.

तुम्ही गेल्या खेपेला उंबऱ्यातच उभे राहून बोललात. "वहिनी, गाडी ठेवून करणार काय? ड्रायव्हर टिकत नाहीत. आणि स्वतः चालवायची म्हणाल तर हेवी लायसन लागतं. तुमचं लाइटचं आहे. हे काम तुम्हांला हेवी जाईल." एवढं बोलून चपला घातल्यात. चहासुद्धा घेतला नाहीत.

ड्रायव्हरांचं तुमचं खरं आहे. पहिला क्लचवर पाय ठेवून झोपायचा, दुसरा गाणी लावून जागा राहायचा, आणि गाडीची अवस्था दोघांच्याही हाती सारखीच झाली. पण तुमचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी डिक्शनरी काढली. तुमचे दादा पेपर मिलला रद्दी न्यायचे तेव्हा गठ्ठ्यातून माझ्यासाठी पुस्तकं ओढून काढायचे, त्यातलीच ती. तिला पुठ्ठा नाही आणि सुरुवातीची पानं नाहीत. सीपासून सुरू होते. ए आणि बीचे शब्द मला आजही धड येत नाहीत. पण हेवी त्यात आहे, आणि चांगली लांबलचक जागा अडवून बसलेला आहे.

वाचून मजा वाटली. त्यांच्याकडे पाऊस हेवी पडतो, आपल्याकडे तो जोराचा. झोप त्यांची हेवी, आपली गाढ. सिगारेट जास्त ओढणाऱ्याला ते हेवी म्हणतात, मग तो काडीसारखा का असेना. रहदारी हेवी, दंड हेवी, समुद्रसुद्धा खवळला की हेवी. आणि आपण हा शब्द घरात आणला तो कशासाठी? जेवण, दागिने आणि लायसन. बाकी सगळं तिकडेच ठेवलं. एक मात्र दोन्हीकडे सारखं निघालं. दुःख झालं की मन त्यांचंही जड होतं आणि आपलंही.

पण भावजी, 'हेवी जाईल' असं त्या पानावर कुठेच नाही. काम आपल्याकडे जड जातं. त्यांच्याकडे ते नुसतं जड असतं, कुठे जातबित नाही, आहे तिथे बसून राहतं. मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे. जड काम कुठे जात नाही. आपल्यालाच त्याच्यापाशी जावं लागतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. मिलवाले म्हणतात, एप्रिलपासून गाडी वेळेवर येणार नसेल तर रद्दीची फेरी दुसऱ्याला देऊ. तुम्ही मार्चअखेरपर्यंत थांबा. तोवर मला हेवी लायसन मिळालं तर गाडी राहील आणि फेरी मी करीन. नाही मिळालं तर एक शब्द न बोलता सही करते.

सध्या मी गाडी फक्त पुसते.

तुमची,
वहिनी

२ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

जाऊबाईंची ओळ मिळाली. "हे म्हणतात मार्चअखेर. त्यापुढे एक दिवस नाही." अक्षर त्यांचं, आवाज तुमचा. दोघांचेही आभार.

गाडी पुसते म्हटलं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त आतून पुसताना चावी लागलेली असायची. आता सांगायला हरकत नाही. डिसेंबरपासून मी मोटार ट्रेनिंगला जाते.

शिकवणारे मास्तर थकलेले आहेत. सगळे त्यांना हळू मास्तर म्हणतात, कारण गाडी उभी असली तरी ते "हळू, हळू" म्हणत असतात. पहिल्या दिवशी मी ऑफिसात गेले तर वर न बघताच म्हणाले, "काकू, कार शिकवणारे शेजारच्या गल्लीत."

"कार नको. हेवी."

मग चष्मा वर केला. "कोणासाठी?"

"ही काय, समोर उभी आहे."

बाकावर चार पोरं बसली होती, ती खुदखुदली. एकानं दुसऱ्याला कोपर मारून म्हटलं, "अरे, काकू स्टिअरिंगमागे दिसतील का?" मी म्हटलं, "मी नाही दिसले तर बिघडत नाही रे, रस्ता मला दिसला म्हणजे झालं." मास्तर हसले नाहीत, पण पावतीपुस्तक काढलं.

पोरं आता बरी वागतात. कोपर मारणाऱ्याला मी उतारावर गिअर कसा धरायचा ते दाखवलं, त्यानं मला मोबाइलवर टेस्टची चिन्हं शिकवली. चढावर मात्र मी कच्ची होते. गाडी मागे यायला लागली की मी एकदम क्लच सोडून देई. इंजिन बंद, मागच्यांचे हॉर्न, आणि मास्तरांचं "हळू, हळू". अहो मास्तर, गाडी बंदच आहे, आणखी हळू ती काय होणार!

एक दिवस मी म्हटलं, रिकामी गाडी अशी का नाचते? भरलेल्या गाडीत बसल्याची मला सवय. तुमचे दादा म्हणायचे, "गाडी हेवी नसते, माल हेवी असतो. रिकामी गाडी उंडारते. भरली की शहाण्यासारखी चालते, फक्त तिला थांबायचं आधीपासून सांगावं लागतं." ते मास्तरांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठीमागे वाळूची पोती टाकली. त्या दिवशी मी चढावर गाडी बंद न पाडता वर नेली.

वर पोचल्यावर हँडब्रेक ओढला आणि हात त्याच्यावरच ठेवला. मास्तरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. तुम्हांला सांगते. ते गेले त्या दिवसानंतर भरलेल्या गाडीत हँडब्रेकचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तोही माझ्याच हातानं झालेला. मिलच्या माल उतरवायच्या धक्क्यावर तुमच्या दादांनी आधी हँडब्रेक ओढला आणि मग छातीवर हात ठेवला. आधी गाडी, मग स्वतः. तसेच होते ते.

टेस्ट या महिन्यातच आहे.

तुमची,
वहिनी

२४ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

टेस्ट झाली. इकडे हवा बरी आहे. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? मास्तरांनी सगळ्यांना पेढे

हे वरचं खोडत नाही, तसंच ठेवते. पेढेबिढे काही नाही. मी नापास झाले.

आणि कशात? चढ नेला. आठचा आकडा काढला, तोही असा की मास्तर लांबून हात वर करून उभे होते. पार्किंग झालं. शेवटी उरलं रिव्हर्स. दोन्ही बाजूंना खांब रोवलेले, मधून गाडी मागे न्यायची. इन्स्पेक्टर साहेब शेजारी बसलेले. ते म्हणाले, "चला, रिव्हर्स घ्या."

मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरले.

शप्पथ सांगते, मी ठरवून नाही केलं. इतकी वर्षं 'रिव्हर्स' हा शब्द कानावर पडला की माझे पाय दाराकडे जायचे. गाडी मागे घ्यायची म्हणजे क्लीनरनं उतरायचं, मागे जायचं, मागच्या फाळक्यावर दोन थापा मारायच्या आणि "येऊ द्या" म्हणायचं. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, त्या गाडीवरचे पहिले क्लीनर तुम्हीच. तुमच्यानंतर ती जागा मी घेतली आणि मग कधी सोडली नाही.

तर मी चालत मागे निघाले. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो बाई, कुठे चाललात?"

"मागे."

"मागे काय आहे?"

"मागे मी असते ना," मी म्हटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की पुढे कोणीच नाही.

थापा मारायला वर केलेला हात तसाच राहिला. मैदानावरची पोरं हसली असती तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. साहेबही ओरडले नाहीत. "टेस्ट चालू असताना ड्रायव्हरनं सीट सोडायची नसते. पुन्हा या," एवढं म्हणाले आणि कागदावर फुली मारली.

मी रडले का, ते विचारू नका. घरी आल्यावर कांदे चिरायचे होते, तेवढं जमून गेलं.

वहिनी

६ मार्च

प्रिय भावजी,

तुमचा फोन आला. तुम्ही स्वतः केलात याचा आनंद झाला. पण बोललात ते काही मला पटलं नाही. "वहिनी, झालं ना आता? सोडा नाद. रिव्हर्स ही चेष्टा नाही. मागे कोणाचा हात जाईल, भिंत जाईल. मला विचारा." मी काही बोलायच्या आत ठेवून दिलात.

तुम्हांलाच विचारायचं होतं. तुम्ही विचारू देत नाही, म्हणून मीच सांगते.

मिलच्या फाटकाचं मला माहीत आहे. तुम्ही मागे उभे होतात, गाडी फाटकाच्या खांबावर गेली, खांब पडला आणि सगळ्या हमालांसमोर तुमचे दादा तुम्हांला बोलले. "बास म्हणायला तोंड नव्हतं का तुला?" त्या दिवशी तुम्ही गाडी सोडलीत. मग गाव सोडलंत. मग आम्हांलाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा क्लीनर म्हणून गाडीवर गेले. निघण्यापूर्वी तुमचे दादा मला म्हणाले, "तू बास म्हणालीस की मी थांबेन. एकदा मला बास ऐकू आलं होतं आणि मी थांबलो नव्हतो. वाटलं, अजून हातभर जागा आहे. बाळ्या बरोबर होता." तुम्हांला ते बाळ्याच म्हणायचे, तुमच्यामागेसुद्धा.

मी म्हटलं, मग जाऊन सांगा ना त्याला. म्हणाले, "सांगतो." दर फेरीला म्हणायचे. पुढच्या फेरीला जाऊ त्याच्याकडे. तुमच्या गावी, तुम्ही कामाला आहात त्या छापखान्याला कागदाचे रोल न्यायची फेरी आली की मुद्दाम दुसऱ्याला द्यायचे. एवढा मोठा ट्रक कुठल्याही बोळात घालणारा माणूस, पण भावाच्या दारापर्यंत काही त्यांना नेता आला नाही.

मी त्यांची बाजू घेत नाही. चुकले ते चुकले. पण तुमचा आवाज वेळेवर आला होता, हे तुम्हांला कोणीतरी सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर जास्त बरं होतं. आता माझ्याकडून ऐका.

आणि गाडी धोक्याची म्हणून विकायची असेल, तर हेही ऐका. त्या खांबानंतर आमच्या गाडीला मागून साधा ओरखडासुद्धा नाही. व्यापाऱ्यानं लाथ मारून बघितलं आहे, त्याला विचारा.

मार्च अजून संपलेला नाही.

तुमची,
वहिनी

२३ मार्च

प्रिय भावजी,

मिळालं!

आधी ते लिहून टाकलं, नाहीतर पेन चालेना. आता बैजवार सांगते.

गेले काही दिवस मी एकच गोष्ट शिकत होते, सीटवर बसून राहायची. हसू नका. हळू मास्तर म्हणायचे, "रिव्हर्स," की माझी डावी मांडी उचलली जायची. मग त्यांनी नवी युक्ती काढली. जेवताना, चहा पिताना, कधीही म्हणायचे, "रिव्हर्स!" आणि मी जागची हलले नाही की, "हळू, हळू, छान." त्यांच्या बायकोला वाटलं, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झाला.

आरशात बघायला शिकले. मागे उभं राहून गाडी बघणं वेगळं आणि पुढे बसून मागचं बघणं वेगळं. मागे असताना मला सगळं दिसायचं आणि तुमच्या दादांना फक्त मी. तेवढ्यावर ते एवढी गाडी सोडून द्यायचे. आरशात डोळे लावून बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, हे किती भरवशाचं काम होतं.

टेस्टच्या दिवशी साहेब तेच होते. त्यांनी मला ओळखलं. चढ झाला, आकडा झाला, पार्किंग झालं. मग खांबांसमोर गाडी लावली आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिव्हर्स. आणि बाई, आज कुठे जाऊ नका."

"नाही जात."

गिअर टाकला. आरशात खांब होते, मधे रिकामी जागा होती. मागे कोणी नव्हतं. भावजी, कोणी आवाज दिल्याशिवाय आपली गाडी कधी मागे गेलेली नाही. मला क्लच सोडवेना. मग मी तोंड उघडलं आणि स्वतःच म्हटलं, "येऊ द्या."

गाडी हलली.

"येऊ द्या. येऊ द्या. थोडं तुमच्या अंगाला. अजून. सरळ करा. येऊ द्या." आवाज अगदी तसाच लागला, मिलच्या धक्क्यावर लागायचा तसा. साहेब शेजारी बसून ऐकत होते. खांब आरशातून दोन्हीकडून पुढे सरकत गेले, मागची रेघ आली, आणि मी म्हटलं, "बास!" आणि थांबले. हातभर जागा होती. मी ती घेतली नाही.

मी हँडब्रेक ओढला. मग साहेब म्हणाले, "कोणाशी बोलत होतात?"

"क्लीनरशी."

"चांगला आहे क्लीनर," म्हणाले आणि कागदावर सही केली. "ठेवा त्याला."

खाली उतरले तर पोरं धावत आली. कोपर मारणारा ओरडला, "काकू, भारी!" मला डिक्शनरी आठवली. त्या लांबलचक जागेत सगळं आहे, हे नाही. जड वस्तूला भारी म्हणायचं आणि मग कौतुक करायचं झालं तर तोच शब्द हाताशी धरायचा, हे आपलंच. मास्तर पुढे आले. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मग म्हणाले, "घरी हळू जा." मी म्हटलं, "आज नाही जमणार."

लायसनवर माझा फोटो आहे. डोळे मिटलेले आले आहेत. खाली हेवी लिहिलेलं आहे, शिक्क्यासकट. दिवसातून कितीदा काढून बघते ते सांगत नाही. डिक्शनरीतल्या त्याच पानात ठेवते.

विक्रीचे कागद सोबत परत पाठवते आहे. माझी जागा रिकामीच आहे. तुमच्या सहीवर मात्र काट मारून पाठवा.

तुमची,
वहिनी

४ एप्रिल

प्रिय भावजी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. केबिनमध्ये बसून लिहिते आहे, स्टिअरिंगवर वही टेकवून, म्हणून अक्षर हललेलं आहे. इंजिन चालू आहे.

मिलला रद्दी पोचवली, आज दुसरी फेरी. पहिल्या फेरीला हमाल बाजूला उभे राहून बघत होते. आज "वहिनी, गाडी लावा इकडे" म्हणून हाका मारत होते. धक्क्यावर तुमच्या दादांची ती जागा आली तिथे मी हँडब्रेक ओढला आणि उतरले.  मग मिलच्या बाबूंनी विचारलं, परतीला कागदाचे रोल आहेत, लांब जायचंय, घेणार का? कुठल्या छापखान्याचे ते त्यांनी सांगितलं. ही फेरी तुमचे दादा नेहमी दुसऱ्याला द्यायचे. मी म्हटलं, भरा.

रस्ताभर गाडी कशी चालली म्हणून सांगू! रोल गच्च बसलेले, ताडपत्री ताणलेली, दोर करकरताहेत. मोठ्या उतारावर मी आधीपासून तिला सांगत आणलं, थांबायचंय हं, थांबायचंय, आणि तिनं ऐकलं. एका कारवाल्यानं बाजूनं जाताना वर बघितलं, पुढे जाऊन पुन्हा वळून बघितलं. मी हॉर्न दिला. उगीच. आनंदाचा.

तर आता मी तुमच्या छापखान्याच्या फाटकाबाहेर उभी आहे. वॉचमनकडे तुमची चौकशी केली, स्टोअरचे साहेब आहेत का? म्हणाला, आहेत, रोल मोजून तेच घेतात. ड्रायव्हर कुठे आहे, असं त्यानं मला विचारलं. सांगितल्यावर टोपी सारखी केली आणि आत वर्दी द्यायला गेला.

फाटक अरुंद आहे, भावजी. दोन्हीकडे दगडी खांब. गाडी उलटीच आत घ्यावी लागणार. मी आरशात बघून घेऊ शकते, लायसन आहे माझ्याकडे. स्वतःशी बोलूनही घेऊ शकते. पण इथे मला ते करायचं नाही. मागे माणूस हवा आहे, आणि कोणीही चालणार नाही. काच खाली केली आहे. येऊ द्या म्हणाल तसं येईन. बास म्हणाल तिथे थांबेन. हातभर काय, बोटभरही पुढे नाही.

हे वॉचमनकडे देऊन तुम्हांला आत पाठवायचं, असं ठरवून लिहायला घेतलं होतं. आता त्याची गरज दिसत नाही. आरशात तुम्ही फाटकातून बाहेर येताना दिसता आहात. केस पांढरे झालेत. हातात पावत्या आहेत. गाडीचा नंबर बघून तुम्ही थबकलात. आता आरशात माझ्याकडे बघता आहात. मी हात करत नाही. तुम्हीही करत नाही.

तुम्ही पावत्या वॉचमनच्या हातात दिल्यात. बाह्या दुमडता आहात. आता आरशातून दिसेनासे झालात, म्हणजे बरोबर मागे, मधोमध उभे राहिलात.

फाळक्यावर दोन थापा पडल्या.

वही बाजूला ठेवते. येते.

वहिनी